परवानगी मॉस्कोची

तुर्कस्तानच्या हताय प्रांताचं एक टोक नकाशावर सीरियात बोटासारखं खुपसलेलं दिसतं. २४ नोव्हेंबर २०१५ च्या सकाळी त्या टोकापाशी रशियाचं सुखोई-२४ बॉम्बर विमान पाडण्यात आलं. विमान आपल्या हद्दीत १७ सेकंद होतं, असं तुर्कस्तानने संयुक्त राष्ट्रांना लिहून कळवलं. त्याआधीच्या पाच मिनिटांत दहा वेळा इशारा दिला होता, हेही त्यात होतं. विमान हद्दीत आलंच नव्हतं, असं रशियाचं म्हणणं. तुर्की एफ-१६ ने सोडलेलं क्षेपणास्त्र बसलं आणि सुखोई सीरियाच्या बाजूला डोंगरात कोसळलं. वैमानिक ओलेग पेश्कोव्ह पॅराशूटने खाली येत असताना जमिनीवरच्या बंडखोरांच्या गोळ्यांनी मेला. त्याचा साथीदार वाचला. शीतयुद्ध संपल्यानंतर नाटोच्या एखाद्या सदस्याने रशियाचं लढाऊ विमान पाडलं, ते हे पहिलंच.

त्याच दिवशी ब्रुसेल्सला नाटोची तातडीची बैठक झाली. आम्ही तुर्कस्तानच्या पाठीशी आहोत, असं सरचिटणीस स्टोल्टेनबर्ग यांनी सांगितलं आणि लगोलग सगळ्यांनी शांततेने घ्यावं, असंही सांगितलं. अंकाराने यातलं दुसरं वाक्य जास्त लक्षपूर्वक ऐकलं असणार.

यानंतर चार वर्षं पुरी व्हायच्या आत, १२ जुलै २०१९ रोजी, अंकाराजवळच्या मुरतेद हवाई तळावर रशियाची मालवाहू विमानं उतरली. त्यांच्या पोटात एस-४०० क्षेपणास्त्र यंत्रणेचे सुटे भाग होते. ज्या देशाने रशियाचं विमान पाडलं, तोच आता रशियाकडून विमानं पाडायची यंत्रणा विकत घेत होता. आणि तो नाटोत १९५२ पासून होता.

तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान पुतिन यांच्याकडे झुकले, असं याचं ठरलेलं उत्तर असतं. मला ते आळशी वाटतं. माणसांचा स्वभाव आणि हुकूमशाहीची ओढ यातून थोडं कळतं, पण या चार वर्षांत तुर्कस्तानने प्रत्येक पाऊल नेमकं कधी टाकलं, ते त्यातून कळत नाही. त्यासाठी सीरियाचं आकाश कोणाच्या ताब्यात होतं आणि जमिनीवर अमेरिकेने कोणाला हाताशी धरलं होतं, हे पाहावं लागतं.

दोन शत्रूंची यादी

मार्च २०११ मध्ये दरा शहरातून सुरू झालेला उठाव वर्षभरात यादवी झाला, तोवर पाश्चात्त्य गोटात फारसं दुमत नव्हतं. सीरियाचे तेव्हाचे अध्यक्ष असद यांनी पायउतार व्हावं, असं ओबामा ऑगस्ट २०११ मध्ये म्हणाले, एर्दोगानही तेच म्हणत होते. जून २०१२ मध्ये सीरियाने तुर्की फँटम विमान पाडलं. ऑक्टोबरात अक्चाकले या सीमेवरच्या गावात तोफगोळा पडून पाच जण गेले. दोन्ही वेळा तुर्कस्तानने नाटो कराराचं कलम ४ वापरून चर्चा मागितली. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिका, जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्या पॅट्रियट क्षेपणास्त्रांच्या बॅटऱ्या गाझिआन्तेप, कहरामानमराश आणि अदाना इथे येऊन उभ्या राहिल्या. मित्रसंघाने असंच वागायचं असतं.

ऑगस्ट २०१३ मध्ये दमास्कसजवळ घूता इथे रासायनिक हल्ला झाला आणि पहिली भेग दिसली. ब्रिटनच्या संसदेने लष्करी कारवाईचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला. फ्रान्सची तयारी झाली होती, पण ओबामांनी ऐनवेळी पाय मागे घेतला. सप्टेंबरात रासायनिक अस्त्रं काढून घेण्याचा तोडगा अमेरिकेने रशियाशी बसून ठरवला. पॅरिस आणि अंकारा, दोघांनी तो बाहेरून पाहिला. रशिया अजून लढाईत उतरलाही नव्हता, तरी पाश्चात्त्य घराची किल्ली त्याच्या हाती लागायला सुरुवात झाली होती.

खरी गाठ मात्र कोबानीला बसली. २०१४ च्या शरद ऋतूत इस्लामिक स्टेटने सीमेला चिकटून असलेल्या या कुर्दी गावाला वेढा घातला. तुर्की रणगाडे पलीकडच्या टेकडीवर नुसते उभे होते आणि गाव वाचवत होते वायपीजीचे कुर्द लढवय्ये. ऑक्टोबरात अमेरिकेने त्यांच्यासाठी विमानातून शस्त्रं टाकली. ही वायपीजी म्हणजे पीकेकेची सीरियातली शाखा, आणि पीकेके या कुर्दांच्या सशस्त्र संघटनेशी तुर्कस्तान १९८४ पासून लढत आला होता. त्या लढाईत सुमारे ४०,००० माणसं मेली आहेत. पीकेके दहशतवादी यादीत आहे, तीही फक्त तुर्कस्तानच्या नव्हे, तर अमेरिकेच्या आणि युरोपीय संघाच्याही.

अमेरिकेने हा मार्ग हौसेने धरला नव्हता. पेंटॅगॉनने ५० कोटी डॉलर्सची एक योजना आखून सीरियन बंडखोरांना प्रशिक्षण द्यायचं ठरवलं होतं. त्यातले प्रत्यक्ष किती जण लढत आहेत, असं सप्टेंबर २०१५ मध्ये सिनेटच्या समितीने जनरल लॉइड ऑस्टिन यांना विचारलं. ‘चार किंवा पाच’ असं उत्तर आलं. हजारांत नव्हे, नुसते चार किंवा पाच! त्या तुलनेत कुर्द शिस्तीचे होते, लढत होते आणि इस्लामिक स्टेटला मागे रेटत होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांच्याभोवती काही अरब गट जोडून ‘सीरियन डेमोक्रॅटिक फोर्सेस’, म्हणजे एसडीएफ, असं नवं नाव लावण्यात आलं. तुम्ही तुमचा ब्रँड बदला, असं आम्हीच त्यांना सुचवलं होतं, हे अमेरिकेचे एक जनरल पुढे एका चर्चासत्रात हसत हसत सांगून गेले. पाटी बदलली, दुकान तेच.

मे २०१६ मध्ये रक्काच्या उत्तरेला टिपलेले काही फोटो प्रसिद्ध झाले. त्यात अमेरिकी विशेष दलाच्या जवानांच्या दंडावर वायपीजीचं चिन्ह होतं. मग पुढे बोको हरामचंही चिन्ह लावा, असं तुर्कस्तानचे परराष्ट्रमंत्री चावुशोलू चिडून म्हणाले. अमेरिकी लष्कराने चिन्हं काढायला लावली. कापडाचा तळहाताएवढा तुकडा, पण अंकाराच्या दृष्टीने सगळं दुखणं त्यात दिसत होतं. मित्राने आपल्या शत्रूचा बिल्ला दंडावर बांधला होता. वॉशिंग्टनच्या यादीत पहिला शत्रू इस्लामिक स्टेट होता, अंकाराच्या यादीत पीकेके. असद यांचं नाव दोन्ही याद्यांत हळूहळू खाली सरकत होतं.

आकाशाचा मालक

३० सप्टेंबर २०१५ रोजी रशियाच्या विमानांनी सीरियात बॉम्बफेक सुरू केली. लताकियाजवळचा हमैमीम हवाई तळ आणि तारतूसचं बंदर ही त्यांची ठाणी. विमान पाडलं गेल्यावर पुतिन यांनी त्याला ‘पाठीत खंजीर’ म्हटलं आणि दोन गोष्टी केल्या. एक, तुर्कस्तानला जाणारी रशियन पर्यटकांची चार्टर विमानं बंद केली आणि तुर्की फळं-भाज्यांवर बंदी घातली. त्यात टोमॅटोवरची बंदी सगळ्यात शेवटी, म्हणजे २०१७ च्या अखेरीस सैल झाली. ठरलेलं गिऱ्हाईक एका रात्रीत गेलं की काय होतं, हे पिंपळगाव बसवंतच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको, अंताल्याच्या शेतकऱ्याचंही तेच झालं.

दुसरी गोष्ट जास्त टिकाऊ होती. हमैमीमवर एस-४०० यंत्रणा आणून बसवली गेली. त्यानंतर सुमारे नऊ महिने तुर्की लढाऊ विमानं सीरियाच्या आकाशात गेली नाहीत. त्याच सुमारास, २०१५ संपेपर्यंत, अमेरिका आणि जर्मनी यांच्या पॅट्रियट बॅटऱ्या तुर्कस्तानातून परत गेल्या. हा निर्णय विमान पाडण्याच्या आधीच, ऑगस्टमध्ये, जाहीर झाला होता आणि स्पेनची बॅटरी मागे राहिली, हे खरं. पण अंकारातून दिसणारं चित्र असं होतं, की रशिया क्षेपणास्त्रं आणतोय आणि मित्र ती घेऊन जातायत.

आता या नऊ महिन्यांत जमिनीवर काय झालं ते पाहा. कुर्द युफ्रेटिस ओलांडून पश्चिमेला सरकले, अमेरिकेच्या हवाई मदतीने मनबिज त्यांनी घेतलं. पूर्वेकडचा आणि पश्चिमेच्या आफ्रिनचा कुर्दी पट्टा जोडला जायची वेळ आली. म्हणजे तुर्कस्तानच्या दक्षिण सीमेवर सलग एक कुर्दी प्रदेश. तो रोखायचा तर सीरियात सैन्य घालायला हवं, सैन्यावर विमानांची छत्री हवी आणि त्या छत्रीला परवानगी मॉस्कोची हवी. अमेरिका ती देऊ शकत नव्हती आणि द्यायची तिची इच्छाही नव्हती.

जून २०१६ च्या अखेरीस एर्दोगान यांनी पुतिन यांना दिलगिरीचं पत्र पाठवलं. लक्षात घ्या, हे १५ जुलैच्या फसलेल्या लष्करी बंडाच्या आधीचं आहे. बंडामुळे एर्दोगान रशियाकडे वळले, हा क्रम चुकीचा आहे. बंडाने फक्त वेग वाढवला. पुतिन यांचा फोन लगेच आला, पाश्चात्त्य नेते आधी धरपकडीबद्दल चिंता व्यक्त करत बसले, हे एर्दोगान त्यानंतर वर्षानुवर्षं बोलून दाखवत राहिले. बंडाच्या दिवसांतलं तुर्कस्तानातल्या इन्सिर्लिक हवाई तळाचं दृश्य तर विलक्षण होतं. तिथे अमेरिकेचे अणुबॉम्ब साठवलेले आहेत, हे गुपित सगळ्या जगाला ठाऊक आहे. त्या तळाची बाहेरून येणारी वीज तुर्की अधिकाऱ्यांनी तोडली, काही दिवस तळ जनरेटरवर चालला आणि तळाच्या तुर्की कमांडरला बंडाच्या आरोपावरून पकडून नेलं.

९ ऑगस्टला एर्दोगान सेंट पीटर्सबर्गला पुतिन यांना भेटले. २४ ऑगस्टला तुर्की रणगाडे सीमेपलीकडच्या जराब्लुसमध्ये शिरले, वर तुर्की विमानं होती. या दोन तारखांमधलं अंतर पंधरा दिवसांचं.

आफ्रिनच्या वेळी हा व्यवहार आणखी उघड झाला. १८ जानेवारी २०१८ रोजी तुर्कस्तानचे सेनाप्रमुख हुलुसी आकार आणि गुप्तचर प्रमुख हाकान फिदान मॉस्कोला गेले. २० जानेवारीला आफ्रिनवर तुर्की विमानांनी हल्ला चढवला. रशियाने तिथले आपले सैनिक आधीच हलवले होते. मार्चमध्ये आफ्रिन पडलं. नाटोच्या एका सदस्याने नाटोच्या सगळ्यात मोठ्या सदस्याच्या साथीदारांवर हल्ला केला, आणि त्याला वाट मोकळी करून दिली ती नाटोच्या मूळ प्रतिस्पर्ध्याने. आफ्रिनमध्ये अमेरिकी सैनिक नव्हते म्हणून हे निभावलं. मनबिजमध्ये ते होते, तिथे अमेरिकी चिलखती गाड्या भलेमोठे राष्ट्रध्वज लावून फिरत होत्या, तुर्कांना लांबून दिसावं म्हणून. आणि जुलै २०१७ मध्ये तुर्कस्तानच्या सरकारी वृत्तसंस्थेने उत्तर सीरियातल्या अमेरिकेच्या दहा ठाण्यांचे पत्ते छापून टाकले होते. मित्रसंघात असंही चालतं.

एस-४०० ची किंमत

डिसेंबर २०१७ मध्ये करार झाला. आकडा सुमारे अडीच अब्ज डॉलर्स. तुर्कस्तान लांब पल्ल्याची हवाई संरक्षण यंत्रणा कधीपासून शोधत होता, २०१३ मध्ये त्याने चिनी यंत्रणा निवडून दोन वर्षांनी ती रद्दही केली होती. पॅट्रियटचं तंत्रज्ञान अमेरिका द्यायला तयार नव्हती. त्यामुळे या खरेदीचं सगळं खापर सीरियावर फोडता येत नाही. पण नेमक्या याच वेळी आणि नेमक्या याच देशाकडून, हे सीरियाशिवाय कळत नाही. बंडाच्या रात्री संसदेवर बॉम्ब टाकणारी विमानं तुर्कस्तानची स्वतःचीच एफ-१६ होती, आणि ती जिथून उडाली तो अकिंजी तळ म्हणजेच पुढचा मुरतेद. रशियन यंत्रणा तिथेच उतरवली, यात काहींना एर्दोगान यांचा सूचक इशाराही दिसला.

१७ जुलै २०१९ रोजी अमेरिकेने तुर्कस्तानला एफ-३५ या लढाऊ विमानाच्या कार्यक्रमातून काढलं. एफ-३५ ची गुपितं टिपू शकणारं रशियन रडार त्याच हवाई दलात नको, हे कारण तांत्रिकदृष्ट्या खरं होतं. तुर्कस्तान १०० विमानं घेणार होता आणि विमानाचे शेकडो भाग तुर्की कारखान्यांत बनत होते. डिसेंबर २०२० मध्ये रशियाकडून शस्त्रं घेणाऱ्यांना शिक्षा करणाऱ्या ‘काट्सा’ कायद्याखाली तुर्की संरक्षण खरेदी संस्थेवर निर्बंध आले. पुतिन यांनी अडीच अब्जांचा माल विकला आणि बदल्यात नाटोच्या दक्षिण टोकाच्या हवाई दलाचं पुढच्या पिढीचं विमान उडण्याआधीच उतरवलं. सौदा रशियाला चांगलाच परवडला.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक प्रश्न पडतोच. ऑक्टोबर २०१८ मध्ये भारतानेही दिल्लीत एस-४०० चा करार केला, मग आपल्यावर काट्सा का नाही? एक कारण म्हणजे भारत कोणाच्या मित्रसंघात नाही, त्यामुळे आपल्याकडून मोडलं असं काही नव्हतं. शिवाय चीनच्या संदर्भात वॉशिंग्टनला दिल्ली हवी होती. जो घरचा आहे त्याच्याकडून अपेक्षा जास्त आणि शिक्षाही त्यालाच.

ऑक्टोबर २०१९

६ ऑक्टोबरला ट्रम्प आणि एर्दोगान यांचं फोनवर बोलणं झालं. त्याच रात्री व्हाइट हाउसने जाहीर केलं की उत्तर सीरियात तुर्कस्तानची कारवाई होणार आहे आणि अमेरिकी सैनिक त्या पट्ट्यात नसतील. ९ ला कारवाई सुरू झाली. त्याच तारखेचं ट्रम्प यांचं एर्दोगान यांना लिहिलेलं, मूर्खपणा करू नका अशा भाषेतलं पत्र नंतर बाहेर आलं. ११ ला कोबानीजवळ अमेरिकी ठाण्याच्या आसपास तुर्की तोफगोळे पडले. १३ ला कुर्दांनी दमास्कस आणि मॉस्कोशी हातमिळवणी केली. मनबिजजवळच्या रिकाम्या अमेरिकी तळावर फिरून रशियन पत्रकारांनी व्हिडिओ काढले, खोल्या तशाच, सामान तसंच. १६ ला अमेरिकेच्या एफ-१५ विमानांनी स्वतःच्याच ठाण्यावर बॉम्ब टाकले, मागे राहिलेला दारूगोळा कोणाच्या हाती पडू नये म्हणून. ते ठाणं एका फ्रेंच कंपनीच्या सिमेंट कारखान्यात होतं.

फ्रान्सचे विशेष दलाचे सैनिकही त्या भागात होते. अमेरिका निघाली हे आपल्याला ट्वीटवरून कळलं, असं मॅक्रॉन उघडपणे म्हणाले. फ्रान्स आणि जर्मनीने तुर्कस्तानला नवी शस्त्रं विकणं थांबवलं. २२ ऑक्टोबरला सोचीमध्ये पुतिन आणि एर्दोगान यांनी सीमेचा पट्टा वाटून घेतला आणि रशियन-तुर्की संयुक्त गस्त सुरू झाली. दोन आठवड्यांनी मॅक्रॉन यांची मुलाखत छापून आली, तीत त्यांनी नाटोला ‘मेंदू मृत’ झाल्याचं म्हटलं. हे वाक्य आजही रशियाच्या संदर्भात उद्धृत होतं, पण ते निघालं होतं सीरियातून. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, या कलम ५ च्या आश्वासनावर उद्या विसंबावं का, हा प्रश्न त्या मुलाखतीत तुर्कस्तानमुळे आला होता. असद यांनी तुर्कस्तानवर प्रतिहल्ला केला तर आपण त्यात उतरणार का?

याची झळ सीरियापासून दोन-अडीच हजार किलोमीटरवर लागली. पोलंड आणि बाल्टिक देशांच्या संरक्षणाची नाटो योजना तुर्कस्तानने अडवून धरली. वायपीजीला दहशतवादी म्हणा, मग बघू. डिसेंबरच्या लंडन बैठकीत थोडी नरमाई आली, पण गाडी पुरती सुटायला जून २०२० उजाडला. सीरियातल्या कुर्दांचं भांडण एस्टोनियाच्या दारात येऊन बसलं होतं.

आणि तरीही ही युती मोडली नाही. २७ फेब्रुवारी २०२० रोजी वायव्य सीरियातल्या, बंडखोरांच्या ताब्यातल्या इदलिबमध्ये हवाई हल्ल्यात तीसहून अधिक तुर्की सैनिक मारले गेले. विमानं कोणाची, यावर अंकाराने मुद्दाम सीरियाचंच नाव घेतलं, रशियाचं टाळलं. दुसऱ्या दिवशी तुर्कस्तानने कलम ४ खाली नाटोकडे धाव घेतली. कलम ५ मिळणार नव्हतंच. करारातलं कलम ६ भूगोल ठरवून देतं आणि त्यात तुर्कस्तानची भूमी येते, सीरियात गेलेले तुर्की सैनिक येत नाहीत. मित्रांनी सहानुभूती दाखवली. पॅट्रियट मागितल्यावर अमेरिकेने आधी एस-४०० चं काय ते सांगा, असं म्हटलं. त्याच वेळी तुर्कस्तानने ग्रीसकडची सीमा निर्वासितांसाठी उघडून दिली. युरोपने २०१६ मध्ये सहा अब्ज युरोंची बोली करून जे दार लावून घेतलं होतं, ते एका रात्रीत ढकलून उघडलं. रशियाने उद्ध्वस्त केलेल्या इदलिबमधून येणाऱ्या लोंढ्याच्या भीतीने शिक्षा झाली ती ग्रीसला.

५ मार्चला एर्दोगान मॉस्कोत होते, युद्धबंदी मागायला. दालनाबाहेर तिष्ठत उभे असलेले ते आणि त्यांचे मंत्री रशियन वाहिनीने पडद्यावर सेकंद मोजणारं घड्याळ लावून दाखवले.

स्वीडन आणि फिनलंडचं प्रकरण याच धाग्याचं पुढचं टोक. मे २०२२ मध्ये दोघांनी नाटोसाठी अर्ज केला, तुर्कस्तानने वायपीजीला आसरा देता म्हणून हरकत घेतली. स्वीडनने तुर्कस्तानवरची शस्त्रबंदी उठवली, कायदे बदलले. तुर्की संसदेने स्वीडनला मान्यता दिली २३ जानेवारी २०२४ रोजी. तीनच दिवसांनी अमेरिकेने तुर्कस्तानला २३ अब्ज डॉलर्सचा एफ-१६ चा सौदा मंजूर केला. एव्हाना मॉस्कोशी घासाघीस करून शिकलेलं कसब एर्दोगान ब्रुसेल्सवर वापरत होते. पण त्याच माणसाने फेब्रुवारी २०२२ मध्ये काळ्या समुद्राकडे जाणाऱ्या सामुद्रधुन्या रशियन युद्धनौकांना बंद केल्या आणि युक्रेनला ड्रोन विकले. पश्चिमेकडे पाठ फिरवलेला देश हे करत नाही.

८ डिसेंबर २०२४ रोजी असद मॉस्कोला पळाले आणि दमास्कस इदलिबच्या बंडखोरांच्या हाती गेलं. रशियाची विमानं ज्यांच्यावर इतकी वर्षं बॉम्ब टाकत होती, त्यांचे प्रमुख अहमद अल-शरा १५ ऑक्टोबर २०२५ रोजी क्रेमलिनमध्ये पुतिन यांच्यासमोर बसले. हमैमीम आणि तारतूसचे तळ राहणार की जाणार, हा विषय त्यांच्यात होता आणि या वेळी परवानगी मागणारे पुतिन होते. त्याच महिन्यात तुर्कस्तानने ब्रिटनशी वीस टायफून विमानांचा करार केला. एफ-३५ अजून मिळालेलं नाही आणि एस-४०० अजून परत गेलेलं नाही.